ताळेबंद वाचायला कोण शिकवणार?

अकरावीपासून बी.कॉम.च्या शेवटच्या सत्रापर्यंत वाणिज्य शाखेचा विद्यार्थी एकाच जातीचं गणित पुन्हा पुन्हा सोडवतो. वर तेरीज पत्रक दिलेलं असतं, खाली सात-आठ समायोजना असतात. अखेरचा माल इतक्याचा, यंत्रावर १० टक्के घसारा, पगार देणे बाकी, विमा आगाऊ भरलेला, बुडीत कर्जासाठी तरतूद. त्यावरून व्यापार खातं, नफातोटा खातं आणि ३१ मार्चचा ताळेबंद करायचा. दोन्ही बाजूंच्या बेरजा जुळल्या की गणित सुटलं. त्या धंद्यात नफा झाला असेल तर तो कशातून झाला, पुढच्या महिन्याचे पगार करायला मालकाच्या हातात पैसे आहेत का, बँकेने त्याला कर्ज द्यावं का, हे कोणी विचारत नाही, कारण प्रश्नपत्रिकेत ते नसतं.

या लेखात मला एवढंच तपासायचं आहे की महाविद्यालयात हिशेब आणि व्यवसायाची मूलतत्त्वं शिकवताना आपण नेमकं काय शिकवतो आणि काय गाळतो. माझं मत आधीच सांगून टाकतो. हिशेबाला तीन टप्पे असतात: व्यवहारातून आकडा जन्माला येतो, तो आकडा पुस्तकात मांडला जातो, आणि मांडलेल्या आकड्यावरून कोणीतरी निर्णय घेतो. आपली महाविद्यालयं मधला टप्पा पाच वर्षं घोटून घेतात आणि दोन्ही टोकं सोडून देतात.

हे असं का झालं ते इतिहासात दिसतं. मुंबईत १९१३ साली सिडनहॅम कॉलेज सुरू झालं. आशियातलं पहिलं वाणिज्य महाविद्यालय म्हणून त्याचं नाव घेतलं जातं, आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९१८ ते १९२० या काळात तिथे अर्थशास्त्र शिकवलं. त्याच १९१३ साली भारतात नवा कंपनी कायदा आला. गिरण्या, विमा कंपन्या, बँका यांना हिशेब लिहिणारी आणि तपासणारी माणसं हवी होती. मुंबई सरकारने १९१८ मध्ये लेखापालांसाठी पदविका सुरू केली. पुढे माटुंग्याचं पोदार महाविद्यालय (१९४१) आणि डेक्कन एज्युकेशन सोसायटीचं पुण्यातलं बृहन्महाराष्ट्र वाणिज्य महाविद्यालय (१९४३) निघालं, आणि १ जुलै १९४९ रोजी सनदी लेखापालांची राष्ट्रीय संस्था अस्तित्वात आली. या साऱ्या मांडणीत विद्यार्थी हा उद्याचा कारकून, लेखापाल किंवा लेखापरीक्षक आहे असं गृहीत धरलेलं होतं. मालकाच्या, कर्ज देणाऱ्याच्या, ठेवीदाराच्या खुर्चीत बसून तो हिशेब पाहील, हा विचार अभ्यासक्रमाच्या मुळाशी नव्हता.

त्याआधी इथे हिशेब नव्हता असं मात्र नाही. इटलीत लुका पाचोलीने १४९४ मध्ये दुहेरी नोंदीची पद्धत छापील ग्रंथात आणली. आपल्याकडे कीर्द-खतावणीची स्वतःची परंपरा होती. पेशवे दफ्तरातले ताळेबंद आणि तेरजा मोडीत लिहिलेल्या आहेत आणि ते शब्द आजच्या पाठ्यपुस्तकातही आहेत. पेढीवरचा मुलगा हिशेब शिकायचा तो व्यवहाराच्या शेजारी बसून. माल आला, वजन झालं, उधारी ठरली, मग कीर्दीत नोंद झाली. त्याला भागीदारी विसर्जनाचे नियम ठाऊक नसतील, पण वहीत लिहिलेल्या रकमेमागचा माणूस आणि माल त्याच्या डोळ्यासमोर असे. वर्गात हिशेब आला तेव्हा तो माणूस आणि तो माल बाहेरच राहिला.

अकरावी-बारावीच्या 'पुस्तपालन आणि लेखाकर्म' या विषयावर मी सरसकट टीका करणार नाही. घेणाऱ्याचं खातं नावे आणि देणाऱ्याचं जमा, येणारी वस्तू नावे आणि जाणारी जमा, खर्च आणि तोटा नावे, उत्पन्न आणि नफा जमा, हे तीन नियम चांगल्या शिक्षकाच्या हाताखाली मुलांच्या अंगात भिनतात. प्रत्येक व्यवहाराला दोन बाजू असतात हे सोळाव्या वर्षी कळणं ही मोठी गोष्ट आहे. चूक दुरुस्तीचा धडा तर सोन्यासारखा आहे. यंत्राची दुरुस्ती केली आणि तो खर्च यंत्र खात्यालाच नावे टाकला, तर तेरीज जुळते, ताळेबंद जुळतो, तरीही हिशेब चुकीचा असतो. खर्च मालमत्तेत गेला, म्हणून नफा फुगला. तत्त्वाची चूक तेरजेत दिसत नाही, हे वाक्य प्रत्येक विद्यार्थी पाठ करतो. त्याचा अर्थ काय, तर जुळलेला ताळेबंद खरा असेलच असं नाही. या एका वाक्यावर चार तास बोलावं इतका ऐवज त्यात आहे. प्रत्यक्षात त्यावर दोन गुणांचा प्रश्न येतो.

हेच बँक जुळवणी पत्रकाचं. संपूर्ण अभ्यासक्रमात बाहेरच्या पुराव्याशी आपली वही ताडून पाहायला शिकवणारा हा एकच धडा आहे. पण त्यातली गणितं बहुतेक भरलेला पण न वटलेला धनादेश आणि दिलेला पण सादर न झालेला धनादेश यांभोवतीच फिरतात. कोपऱ्यावरच्या वडापावच्या गाडीवर आज क्यूआर कोड आहे. दिवसभराची विक्री किती, त्यातली रोख किती, यूपीआयने किती, खात्यात किती जमा झाली, ग्राहकाला परत केलेली रक्कम कुठे दिसते, हे जुळवायला घेतलं तर तोच धडा जिवंत होईल. नमुन्याची बिलं आणि पावत्या पाठ्यपुस्तकात छापलेल्या असतात. खरं बिल, त्यावरचा जीएसटी क्रमांक, मालासोबत आलेलं चलन, मालाची प्रत्यक्ष मोजणी, हे वर्गात क्वचितच येतं. विद्यार्थ्याला आकडे तयार मिळतात, आणि आकडा हा कोणीतरी कशाच्या तरी आधारे ठरवलेला असतो हे त्याला उमगतच नाही. अखेरच्या मालाचं मूल्य खर्च किंवा वसूल होऊ शकणारी किंमत, यांपैकी जी कमी असेल तीवर करायचं, एवढं तो लिहितो. साखर कारखान्याच्या गोदामातल्या साखरेचं मूल्य ३१ मार्चला कसं धरलं यावर कारखान्याचा नफा की तोटा हे ठरू शकतं, आणि उसाची किंमत मात्र कायद्याने १४ दिवसांत द्यायची असते, हा संबंध त्याला कोणी दाखवत नाही. कोल्हापूर, सांगली, अहिल्यानगरच्या मुलांच्या घरात हा विषय रोज बोलला जातो.

पदवीला आल्यावर वजन वाढतं, दिशा तीच राहते. भागीदार नादार झाल्यावर तोटा कसा वाटायचा यासाठी गार्नर विरुद्ध मरे या १९०४ च्या इंग्रजी निवाड्याचा नियम, कंपन्यांचं एकत्रीकरण, भागांचं मूल्यांकन, परिव्यय लेखाकर्म, लेखापरीक्षण, आयकर. हे वाईट नाही, पण या सगळ्यात एखाद्या खऱ्या कंपनीचा वार्षिक अहवाल पहिल्या पानापासून शेवटच्या टिपणीपर्यंत वाचल्याशिवायही पदवी मिळते, हे मला गंभीर वाटतं. गुणोत्तरांचा धडा असतो. चालू गुणोत्तर २:१ असावं असं मुलं लिहितात. किराणा दुकान, औषध कंपनी आणि बांधकाम व्यावसायिक यांना एकच माप का लागू नाही, हा प्रश्न त्या सूत्राच्या बाहेर राहतो.

व्यवसायाच्या मूलतत्त्वांची स्थिती याहून हलकी आहे. बारावीच्या 'वाणिज्य संघटन आणि व्यवस्थापन'मध्ये हेन्री फेयॉलची १४ तत्त्वं आहेत, टेलरचं शास्त्रीय व्यवस्थापन आहे. फेयॉल हा फ्रान्समधला खाण अभियंता. एका डबघाईला आलेल्या खाण आणि पोलाद कंपनीचं नेतृत्व त्याने दीर्घकाळ केलं आणि त्या अनुभवातून १९१६ मध्ये ही तत्त्वं मांडली. आपल्याकडे ती कंपनी गळून गेली, तत्त्वांची यादी उरली. धंदा कसा चालतो हे कळायला मराठवाड्यातलं एखादं कृषी सेवा केंद्र पुरेसं आहे. जूनमध्ये बियाणं आणि खत उधारीवर जातं, पैसे पीक हाती आल्यावर येतात, कंपनीला मात्र आधीच द्यावे लागतात. वहीत विक्रीबरोबर नफा दिसतो आणि गल्ला रिकामा असतो. पाऊस लांबला तर उधारी पुढच्या वर्षात जाते. नफा वेगळा आणि रोख वेगळी, हा व्यवसायशास्त्राचा पहिला पाठ इथे कोणालाही पाच मिनिटांत कळेल. खेळतं भांडवल म्हणजे काय याची व्याख्या लिहून घेण्याआधी हे केंद्र समोर ठेवलं पाहिजे.

१९९० च्या दशकाच्या अखेरीपासून मुंबई विद्यापीठात आणि नंतर इतरत्र बी.एम.एस., अकाउंटिंग अँड फायनान्स, बँकिंग अँड इन्शुरन्स असे स्वयंअर्थसहाय्यित अभ्यासक्रम आले. सादरीकरणं, प्रकल्प, उद्योगभेटी यांमुळे तिथली मुलं बोलायला धीट झाली हे मान्य करायला हवं. पण शुल्क जास्त, आणि साध्या बी.कॉम.ला जाणारा विद्यार्थी आपोआप दुय्यम ठरला. २०२४ पासून बी.बी.ए., बी.एम.एस.सारख्या अभ्यासक्रमांना राज्यात प्रवेश परीक्षाही लागू झाली. दोन्हीकडे शिकवणारे मात्र अनेकदा तासिका तत्त्वावरचे असतात. ज्या शिक्षकाला पुढच्या जूनमध्ये आपण इथे असू की नाही हे ठाऊक नसतं, त्याच्याकडून नव्या पद्धतीने विषय उभा करण्याची अपेक्षा धरणं अन्यायाचं आहे. अभ्यासक्रमाच्या कुठल्याही चर्चेत हा मुद्दा शेवटी येतो. तो आधी यायला हवा.

सी.ए.ची सावली सगळ्यावर आहे. हुशार मुलं बारावीपासूनच फाउंडेशनच्या क्लासला जातात, महाविद्यालयात हजेरीपुरती असतात. त्यांचं खरं शिक्षण आर्टिकलशिपमध्ये होतं. ग्राहकाच्या कार्यालयात बसून व्हाउचर तपासताना, बिल नसलेल्या खर्चाबद्दल विचारताना, गोदामात माल मोजताना, मी वर म्हटलेलं पहिलं टोक त्यांच्या हाती लागतं. २०२३ पासून ही उमेदवारी तीन वर्षांवरून दोन वर्षांवर आली. शिकण्याच्या दृष्टीने मला हा बदल रुचलेला नाही, जरी लवकर कमाईला लागण्याची मुलांची गरज समजते. पण प्रश्न त्यांचा नाहीच. जे सी.ए. होणार नाहीत किंवा वाटेत सोडतील, अशा कितीतरी मुलांना पदवीतून काय मिळतं, हा प्रश्न आहे.

त्यांना सध्या टॅली मिळते. बंगळूरच्या गोएंका पितापुत्रांनी १९८६ मध्ये सुरू केलेल्या व्यवसायातून हे सॉफ्टवेअर घडलं, आणि आज तालुक्याच्या गावातही 'टॅलीचा क्लास' सापडतो. २०१७ मध्ये जीएसटी आल्यावर त्या क्लासला आणखी मागणी आली. नोकरीच्या दृष्टीने हे कौशल्य खरं आहे, त्याला नाकं मुरडण्याचं कारण नाही. पण त्याचा परिणाम नीट पाहू या. खतावणी, तेरीज, ताळेबंद ही सगळी कामं आता संगणक क्षणात करतो, आणि परीक्षेत आपण नेमकी तीच हाताने करून घेतो. माणसाकडे उरतं ते संगणकाला न येणारं काम. हा खर्च भांडवली की महसुली, ही येणी वसूल होतील का, ही नोंद खरी आहे का. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांना नोंदींतला प्रत्येक बदल टिपून ठेवणारं सॉफ्टवेअर वापरणं बंधनकारक झालं, ते याच शंकेपोटी. हाताने खतावणी शिकवू नये असं मी म्हणत नाही. एक सत्र शिकवावी, पक्की शिकवावी, आणि वाचलेला वेळ या प्रश्नांना द्यावा.

असे प्रश्न विचारले नाहीत की काय होतं हे आपण पाहिलं आहे. ७ जानेवारी २००९ रोजी सत्यम कंपनीच्या अध्यक्षांनी हिशेब फुगवल्याची कबुली दिली तेव्हा ताळेबंदातली रोख आणि बँकेतली शिल्लक मिळून ५,००० कोटींहून अधिक रक्कम अस्तित्वातच नव्हती. ताळेबंद जुळत होता. सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले, ठेवीदारांना सुरुवातीला केवळ १,००० रुपये काढण्याची मुभा होती. एकाच उद्योगसमूहाला दिलेली प्रचंड कर्जं हजारो बनावट खात्यांआड लपवलेली होती. मुंबई-ठाण्यातल्या निवृत्त माणसांची आयुष्यभराची पुंजी त्यात अडकली. बनावट कागद सामान्य सभासदाला ओळखता येईल असा दावा मी करणार नाही. लेखापरीक्षकांनाही ते जमलं नाही. पण यापेक्षा लहान आणि उघड्या गोष्टी अहवालात छापलेल्या असतात. त्या वाचणारी माणसं मात्र गावात हवीत.

आणि महाराष्ट्रात त्या वाचण्याची गरज घरोघरी आहे. एका कुटुंबात पतसंस्थेचं, विकास सोसायटीचं, दूध संघाचं, साखर कारखान्याचं, शहरात गेलं तर गृहनिर्माण संस्थेचं सभासदत्व असतं. यातली प्रत्येक संस्था दरवर्षी छापील वार्षिक अहवाल सभासदाला देते. त्यात 'एन' नमुन्यातला ताळेबंद असतो: डावीकडे भांडवल आणि देणी, उजवीकडे जिंदगी आणि येणी. घरात बी.कॉम. झालेला मुलगा असतो, आणि तो अहवाल कपाटावर पडून राहतो.

समजा, एका पतसंस्थेने व्याजाचं उत्पन्न १ कोटी २० लाख दाखवलं, ठेवींवरचं व्याज, पगार वगैरे खर्च १ कोटी ५ लाख, नफा १५ लाख. अध्यक्ष लाभांश जाहीर करतात, टाळ्या पडतात. आता ताळेबंदाच्या उजव्या बाजूला 'येणे व्याज' शोधायचं. गेल्या वर्षी ते ३० लाख होतं, यंदा ५५ लाख आहे. म्हणजे उत्पन्नातले २५ लाख रुपये हातात आलेलेच नाहीत. प्रत्यक्ष वसूल झालं ९५ लाखांचं व्याज, आणि खर्च १ कोटी ५ लाखांचा. आता डाव्या बाजूला पाहायचं: या थकीत व्याजापोटी तरतूद वाढली का? वाढली नसेल, तर १५ लाखांचा नफा कागदावरचा आहे आणि लाभांशाची रोख बहुधा नव्या ठेवींतून जाणार आहे. कायद्याने निव्वळ नफ्याचा किमान चौथा भाग राखीव निधीत टाकायचा असतो आणि लाभांश १५ टक्क्यांहून अधिक देता येत नाही. पण नफाच खरा नसेल तर या दोन्ही मर्यादा सभासदाला फारसं वाचवत नाहीत. नंतर अहवालातला लेखापरीक्षणाचा वर्ग पाहायचा, अ, ब, क की ड. मग संचालक आणि त्यांच्या नातेवाइकांच्या कर्जाचं पत्रक.

यात बारावीपलीकडचं गणित नाही. समायोजना, येणे उत्पन्न, तरतूद हे सगळं विद्यार्थ्याला येतं. त्याने ते फक्त एका दिशेने केलेलं असतं, समायोजनेकडून ताळेबंदाकडे. उलट दिशेने, ताळेबंदाकडून समायोजनेकडे, चालायचा सराव नसतो. सहकार खात्याची जी.डी.सी. अँड ए. ही पदविका परीक्षा याच क्षेत्रासाठी आहे आणि पदवीधर ती देतात. पण तीही संस्थेत काम करणाऱ्यांसाठी आहे. सभासदासाठीचं शिक्षण कुठल्याच परीक्षेत नाही.

भाषेचा अडसर इथे दुहेरी आहे. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठात मराठीतून बी.कॉम. करता येतं, अनेक विद्यापीठांत मराठीतून उत्तरं लिहिता येतात. सी.ए.ची परीक्षा मात्र इंग्रजी किंवा हिंदीतूनच देता येते आणि कंपन्यांचे अहवाल इंग्रजीत असतात. याउलट पतसंस्थेचा अहवाल मराठीत असतो, आणि इंग्रजीतून शिकलेल्या मुलाला त्यातल्या 'जिंदगी', 'तसलमात', 'अनामत' या ओळी कळत नाहीत. मला वाटतं, पहिल्या वर्षी संकल्पना मराठीत समजाव्यात आणि दोन्ही भाषांतले अहवाल शेजारी ठेवून वाचावेत. वर्गात 'मशिनरी अकाउंट डेबिट' म्हणणारा शिक्षक अर्धं काम आधीच करत असतो.

बदलाला जागा आता तयार झाली आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाप्रमाणे राज्यातल्या पदवी अभ्यासक्रमांत क्षेत्र प्रकल्प, समाजाशी जोडणारं काम आणि प्रत्यक्ष कार्यप्रशिक्षण यांना श्रेयांक आहेत. या तासांचं काय करायचं, असा प्रश्न पडलेले प्राध्यापक मला भेटतात, आणि मग बाजारपेठेची प्रश्नावली भरून घेणं हाच प्रकल्प होतो. त्याऐवजी चार-पाच मुलांच्या गटाने आपल्याच गावातल्या एका संस्थेचे सलग तीन वर्षांचे अहवाल घ्यावेत. येणे व्याज, थकबाकी, राखीव निधी, ठेवी यांचा प्रवास कागदावर मांडावा आणि संस्थेच्या व्यवस्थापकाला पाच प्रश्न लेखी विचारावेत. दुसऱ्या गटाने एका दुकानदाराची एका महिन्याची बिलं, बँकेचं विवरण आणि गल्ला जुळवून द्यावा. पहिल्याने वाचणं येईल, दुसऱ्याने आकडा कुठून येतो ते. काही संस्था अहवाल द्यायला कुरकुरतील. पण घरात सभासद असला की अहवाल मिळतो. परीक्षेतही एक प्रश्न असा हवा, ज्यात ताळेबंद तयार दिलेला असेल आणि त्या संस्थेत ठेव ठेवावी की नाही, हे कारणांसह लिहायचं असेल. त्याचं एकच उत्तर नसेल, तपासायला वेळ लागेल, आणि त्यासाठी कायम नेमणुकीचा शिक्षक लागेल.

सहकारी संस्थांच्या वार्षिक सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्याव्या लागतात. त्यामुळे बरेचसे अहवाल ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये घरी येतात, आणि महाविद्यालयाचं पहिलं सत्र तेव्हा चालूच असतं.